एक सेंटिमीटरचा पक्षपात

केसाहून थोडा जाड काचतंतू आणि त्याच्या टोकाला सेंटिमीटरभर पॉलिमरचा लेप. सॉलिड फेज मायक्रोएक्स्ट्रॅक्शनचा फायबर दिसायला एवढाच. होल्डरच्या सुईत दडून बसतो, दांडा दाबला की बाहेर येतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात आर्थर आणि पाव्हलिशिन यांनी १९९० मध्ये ही पद्धत मांडली. सॉल्व्हंट लागत नाही म्हणून तिचे कौतुक सगळेच करतात. मला तिची ऐट वेगळ्याच गोष्टीत दिसते: नमुन्यातले सगळे ओढून काढायचा हट्ट ती धरत नाही. नमुना, त्यावरची हवा आणि फायबरचे कोटिंग यांच्यात रेणूंची वाटणी होते आणि कोटिंगच्या वाट्याला आले ते गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजून त्यावरून मूळ प्रमाण ताडायचे. ही वाटणी कधीच समान नसते. कोणता पक्षपात आपल्या कामाचा, एवढेच आपल्या हाती.

आंबेमोहोर घ्या. भात शिजताना जो दरवळ सुटतो त्यात २-ॲसिटिल-१-पायरोलीनचा मोठा वाटा. बासमतीतही हेच संयुग. काही ग्रॅम तांदूळ व्हायलमध्ये बंद करून तापवायचे आणि फायबर वरच्या हवेत उघडा ठेवायचा, दाण्यांना न लावता. हवेत हे संयुग एकटे नसते. स्निग्धांश खवटू लागला की होणारे हेक्झॅनल असते, नोनॅनल असते आणि जुन्या तांदळात त्यांचीच गर्दी.

१०० मायक्रॉनचा पीडीएमएस (पॉलिडायमिथाइलसिलोक्सेन) फायबर, सुपेल्को कंपनीचा तांबड्या टोकाचा, मला स्वभावाने सर्वात सरळ वाटतो. त्याचे कोटिंग द्रवासारखे वागते, रेणू त्यात विरघळतात. शेजारच्याच्या गर्दीने एकाचा वाटा फारसा बदलत नाही. पण त्याची ओढ अध्रुवीय रेणूंकडे, आणि आपले सुवासिक संयुग लहान, थोडे ध्रुवीय. सरळपणा इथे कामाला येत नाही. मग करड्या टोकाचा तिहेरी फायबर येतो: डीव्हीबी (डायव्हिनाइलबेन्झीन), कार्बोक्सेन आणि पीडीएमएस. बारीक छिद्रांमुळे तो लहान रेणूही धरून ठेवतो. सुवासाच्या कामात त्याचा मान मोठा, तो योग्यच. पण छिद्रांतल्या जागा मोजक्या. फायबर फार वेळ उघडा ठेवला तर जास्त ओढीचे रेणू आधी बसलेल्यांना हुसकू शकतात, आणि हेक्झॅनलच्या रेट्यात सुवास खरा आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. नव्या आणि जुन्या तांदळाची तुलना करताना ही मेख फारसे कोणी बोलून दाखवत नाही. वेळ वाढवला की संवेदनशीलता वाढते, हे अर्धसत्य इथेच फसते. मी वेळ कमी ठेवून आलेखावरचे पीक (शिखर) लहान आले तरी चालवून घेईन.

निगा राखायची ती फायबरच्या स्मरणशक्तीसाठी. आधीच्या नमुन्याचे उरलेले तो पुढच्यात आणून ओततो. नवा फायबर आधी क्रोमॅटोग्राफच्या गरम इंजेक्टरमध्ये, हेलियमच्या प्रवाहात कंडिशन करायचा: १०० मायक्रॉनच्या पीडीएमएसला २५० अंश, तिहेरीला २७०. गॅस बंद असताना तापवला तर ऑक्सिजन कोटिंग खातो. पॉलिॲक्रिलेटचा पांढऱ्या टोकाचा फायबर तापवल्यावर तपकिरी पडतो. ते पाहून नवखे घाबरतात, पण तो बिघाड नव्हे. फायबर क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटमध्ये बुडवू नये: कोटिंग फुगते आणि सुईत ओढताना सोलून निघते. सेप्टम (तोंडावरचा रबरी पडदा) टोचताना आणि सुई बाहेर काढताना तंतू आत हवाच. इंजेक्टरचा लायनर आतून ०.७५ मिलिमीटरचा असला तर पीक अरुंद आणि नेटके येतात.

ब्लँक रनमध्ये, म्हणजे नमुन्याशिवाय, मास स्पेक्ट्रोमीटरवर ७३, २०७, २८१ ही वस्तुमाने दिसली की ती सिलोक्सेनची. लोक लगेच फायबरला दोष देतात, पण कॉलम आणि सेप्टमही तेच सोडतात. फायबर न घालता एकदा रन घेतला की गुन्हेगार कळतो.

फायबर म्हातारा होतो तो हळूहळू. तांदळाच्या या कामात अंतर्गत मानक म्हणून २,४,६-ट्रायमिथाइलपिरिडीन घालण्याची प्रथा आहे. कोटिंग थकले की सुवासाच्या संयुगाचे आणि मानकाचे पीक बरोबरीने घटू शकतात आणि त्यांचे गुणोत्तर तसेच राहते, त्यामुळे अहवाल सुरेख दिसत राहतो. म्हणून गुणोत्तराआधी मानकाच्या पीकचे नुसते क्षेत्रफळ पाहावे. ते रोज थोडे उतरत असेल तर नवा फायबर मागवावा आणि जुना असतानाच दोघांवर एकच नमुना चालवावा.