इंग्लिश 'ऑटम' आणि मराठी प्रवासवर्णनातील पानगळ

इंग्लंडविषयीच्या मराठी प्रवासवर्णनांत 'ऑटम' ह्या ऋतूला काय म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता कोशकाराचा वाटतो. वास्तविक तो समीक्षेचा आहे. कोश 'शरद' म्हणून मोकळे होतात. पण शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. 'ऋतुसंहारा'च्या तिसऱ्या सर्गापासून ह्या ऋतूची चिन्हे जणू ठरूनच गेली आहेत: निरभ्र आकाश, निवळलेले पाणी, फुललेला काश, पिकलेली साळ, टिपूर चांदणे. त्यात झाडांची पाने गळत नाहीत. ती गळतात शिशिरात, माघ-फाल्गुनात. ऑक्टोबरात पिवळे-तांबडे झालेले इंग्लंडमधील रान मराठीत आणताना लेखकाला ह्या दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते, आणि कोणतीही केली तरी निम्मे चित्र हातचे जाते.

ह्या घोटाळ्याला इंग्रजी काव्याच्या अभ्यासाने हातभार लावला आहे. कीट्सने आपली ऑटमवरील प्रसिद्ध कविता सप्टेंबर १८१९ मध्ये विंचेस्टर येथे लिहिली. तीत पानगळ जवळजवळ नाहीच. आहे ती सुगी: भरलेली फळे, कापणी झालेली शेते, मधमाश्यांची पोळी. भावाने ती आपल्या शरदाच्या अगदी शेजारची आहे. मृत पानांचे थवे उडतात ते शेलीच्या पश्चिम वाऱ्यावरील कवितेत. आणि ती त्याच वर्षीची असली तरी इटलीतील फ्लॉरेन्सजवळ, आर्नो नदीकाठच्या वनात सुचलेली आहे. मराठी विद्यार्थ्याने दोन्ही कविता एकाच संग्रहात वाचल्या आणि त्यांचा मिळून एक 'इंग्लिश' ऋतू केला. इंग्लंडच्या पानगळीचे मराठी मनातील चित्र निदान अंशतः इटलीतून आले, ही गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे.

बा. सी. मर्ढेकर १९२९ ते १९३३ ह्या काळात इंग्लंडात होते आणि १९३९ साली त्यांचा पहिला संग्रह 'शिशिरागम' ह्या नावाने निघाला. त्या नावातील शिशिर केवळ आपल्या पंचांगातला नसावा, असे मानण्यास जागा आहे. कवीने शब्द देशी ठेवला आणि त्यात परदेशी थंडी भरली.

कवितेत हे चालून जाते. प्रवासवर्णनात मात्र वाचक रस्त्यावर उभा असतो. इंग्रजीत एकट्याने रस्ता धरून आपलाच देश पाहण्याची एक परंपरा आहे. कॉबेटने घोड्यावरून केलेल्या फेऱ्यांचे पुस्तक १८३० मध्ये आले. त्याची नजर पिकांवर आणि मजुरांच्या पोटावर. एच. व्ही. मॉर्टनने १९२७ च्या पुस्तकात मोटारीतून इंग्लंड शोधले, पण कारखान्यांची शहरे बहुतांशी टाळली. जे. बी. प्रीस्टलीचे 'इंग्लिश जर्नी' (१९३४) हे खरे ऑटमचे पुस्तक. १९३३ च्या त्या ऋतूत तो साउथॅम्प्टनपासून निघाला आणि कॉट्सवोल्डची दगडी गावे, ब्रॅडफर्ड हे स्वतःचे जन्मगाव, लँकेशायर, टाइन नदीकाठच्या बंद पडलेल्या गोद्या असे करीत परतला. त्याला एक नव्हे तर तीन इंग्लंडे दिसली: जुने खेड्यांचे, एकोणिसाव्या शतकातील कोळशाचे आणि महायुद्धानंतरचे नवे, हमरस्त्यांचे व बंगल्यांचे. पानगळीचे वर्णन करण्यासाठी तो क्वचितच थांबतो. तरीही बेकार माणसांच्या रिकाम्या दिवसांतून तोच ऋतू जाणवत राहतो.

मराठीत ह्याच्या तोडीचे काय आहे? पंडिता रमाबाईंचा 'इंग्लंडचा प्रवास' (१८८३) वाँटेजसारख्या लहान बाजारगावी येऊन थांबतो. लंडनबाहेरचे इंग्लंड मराठीत इतक्या लवकर आले, ह्याची नोंद पुरेशी घेतली जात नाही. पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' (१९६०) ह्या प्रकारातील सर्वांत लाडकी कृती. परंतु तिचा विनोद संगतीवर जगतो. पत्नी बरोबर आहे, भेटणारी माणसे आहेत, संवाद आहेत. एकांत तिला मानवत नाही; म्हणून निसर्ग तिच्यात दुय्यम राहतो, आणि हा दोष नसून तिच्या प्रकृतीचा भाग आहे. एकट्याने केलेल्या प्रवासाला मराठीत प्रतिष्ठा पुढे मीना प्रभूंनी मिळवून दिली. 'माझं लंडन' मात्र नावाप्रमाणेच महानगराशी बांधलेले आहे. ऑटममधील खेड्यांचा रस्ता एकट्याने तुडवणारे मराठी पुस्तक अजून वाट पाहण्यासारखेच आहे.

ही उणीव शब्दांची नाही, पाहण्याची आहे. इंग्लंडचे खेडे मराठी सुशिक्षिताला अपूर्व वाटत नाही. ते त्याने परीक्षेसाठी आधीच वाचलेले असते. तेथे तो पाहत नाही, ओळख पटवतो. प्रीस्टलीचे तिसरे इंग्लंड तर त्याच्या दारातच घडत होते. पु. लं.चे बालपण जोगेश्वरीत आणि पार्ल्यात गेले, तेव्हा ती गावे मुंबईच्या हद्दीबाहेर होती. ही हद्द १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. साष्टीची भातखाचरे एकेक करून चाळींखाली आणि इमारतींखाली गेली. अंधेरी-घाटकोपरकडून इंग्लंडला जाणाऱ्या प्रवाशाला हमरस्त्याने गिळलेल्या खेड्याचा अर्थ लंडनकराइतकाच कळावयास हवा होता. त्याने मात्र तेथेही वर्ड्स्वर्थच शोधला.

पानगळीचेही तसेच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या लेण्यांभोवती, सागाची मोठाली पाने दरवर्षी गळतात. त्याचे कारण वेगळे आहे. इंग्लंडातील ओक आणि बीच दिवस आखडल्यामुळे व थंडीमुळे पाने टाकतात. येथील साग जमिनीतले पाणी आटू लागल्यामुळे. तेथे पानगळीनंतर धुके आणि काळोख येतो. येथे ऊन चढत जाते आणि निष्पर्ण काटेसावरीवर व पळसावर फुले येतात. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने (१९५६) महिन्यामहिन्याने असे पाहण्याची रीत मराठीला दिली. ती रीत प्रवासवर्णनापर्यंत पोहोचलेली नाही. म्हणून 'ऑटम'ला शिशिर म्हटले की फुलांची अपेक्षा उगीच जागी होते, आणि शरद म्हटले की मुंबईच्या वाचकाला ऑक्टोबरचा उकाडा आठवतो. काही लेखकांनी 'ऑटम' हाच शब्द देवनागरीत ठेवला आहे. त्यांचा आळस म्हणून त्याची हेटाळणी झाली तरी ह्या तीन पर्यायांत तोच सर्वांत कमी फसवा आहे.