चार रकान्यांत न मावणारा रोग

मत्स्यशेतीवरील पुस्तिकांत एक कोष्टक हटकून आढळते: रोग, कारण, लक्षणे, उपाय. त्यात ‘कल्ल्यांचा जीवाणुजन्य रोग’ या नावापुढे जीवाणू, धाप आणि मिठाचे द्रावण एवढे लिहिले की काम संपते. कोष्टक पाठांतराला सोयीचे आहे, हे आम्हांला मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो ‘कारण’ या एकवचनी रकान्याला.

२० अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. तेवढ्याच हवेत तो सुमारे २८० मिलिग्रॅम असतो. म्हणूनच माशाच्या कल्ल्यांना असंख्य नाजूक पापुद्रे असतात. या रोगाचे जीवाणू शरीरात खोलवर शिरत नाहीत, पापुद्र्यांवरच पसरतात. तेथील पेशी भराभर वाढतात, शेजारचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि मासा पाण्यातच गुदमरतो.

अमेरिकेत डेव्हिस यांनी १९२६ साली ट्राउटच्या पिल्लांतील या रोगाचे वर्णन केले. आज फ्लॅव्होबॅक्टेरियम ब्रँकिओफिलम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जीवाणूचे रीतसर नामकरण मात्र १९८९ साली झाले. मधल्या काळात दाटी, अमोनिया आणि गढूळपणा यांच्याकडे बोट दाखवले जाई. पुढे १९९०च्या दशकात कॅनडातील प्रयोगांत निरोगी ट्राउटना नुसत्या जीवाणूंच्या संपर्कात आणूनही रोग झाला. म्हणजे ‘वाईट पाणी हेच कारण’ हे उत्तरही अपुरेच. पण त्याच दशकातील दुसऱ्या प्रयोगात, खाद्य बंद ठेवलेल्या माशांत मृत्यू बरेच कमी आढळले. जीवाणू तेच, परिणाम वेगळा! खाल्लेले पचवताना माशाला ऑक्सिजन अधिक लागतो आणि तो अमोनियाही अधिक बाहेर टाकतो, हे लक्षात घेतले की यातली संगती दिसू लागते.

ही संगती कोष्टकात कोठेच नाही. परिणामी मत्स्यपालक औषध विकत आणतो, पण हौदातील दाटी आणि खाद्य तसेच ठेवतो. मग रोग पुन्हा उद्भवला की औषधाला दोष देतो. विद्यार्थीही ‘एक रोग, एक जंतू, एक औषध’ हे सूत्र घेऊन वर्गाबाहेर पडतो.

शिक्षकांनी हे कोष्टक फाडून टाकावे असे आम्ही म्हणत नाही. ते फळ्यावर जरूर लिहावे आणि विचारावे: जीवाणू दोन्ही हौदांत असताना एकाच हौदातले मासे का मेले? पाण्यातला ऑक्सिजन, माशांची संख्या, खाद्य यांची चौकशी मुले आपणहून करू लागतील.