कीव करण्याचा अधिकार

हार्पर ली यांची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. तिच्याविषयी बोलताना बहुतेक रसिक ॲटिकस फिंच या गोऱ्या वकिलाच्या धैर्याविषयी बोलतात. ते धैर्य खरेच आहे. परंतु कादंबरीचा गाभा मला त्याच्या भाषणात सापडत नाही. तो टॉम रॉबिन्सनच्या साक्षीतल्या एका उत्तरात सापडतो.

अलाबामा राज्यातले मेकोम हे कल्पित गाव. काळ १९३० नंतरच्या मंदीचा. मायेला यूएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप टॉम या काळ्या शेतमजुरावर आहे. माराच्या खुणा मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला. टॉमचा डावा हात लहानपणीच सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. आणि मुलीचा बाप डावखुरा. शाळेतल्या पोरालाही सुटावे असे हे गणित! बारा गोऱ्या ज्युरींनाही ते सुटते, पण आलेले उत्तर त्यांना नको असते. हे कल्पनेतलेच आहे असे कोणी समजू नये. याच अलाबामात १९३१ साली अशाच आरोपावरून नऊ काळी पोरे पकडली गेली आणि त्यांतल्या आठांना फाशीची शिक्षा फर्मावली गेली होती.

या मुलीची कामे तू फुकट का करीत होतास, असे सरकारी वकील विचारतो. तिची कीव येई म्हणून, असे टॉम सरळपणे सांगून जातो. खटला तिथेच निकालात निघतो. कीव ही पाण्यासारखी वरून खाली वाहावी, असा जगाचा दंडक आहे. उकिरड्याशेजारी राहणाऱ्या यूएल कुटुंबापाशी एकच इस्टेट उरली होती: काळ्यांहून आपण वर आहोत ही. टॉमच्या एका शब्दाने तिलाच हात घातला. हा अपराध कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नाही. शिक्षा मात्र त्याचीच झाली.

वरून खाली वाहणारी कीव मेकोममध्ये उदंड आहे. आफ्रिकेतल्या एका जमातीच्या दुःखाने व्याकुळ होणाऱ्या बायका आपल्या मोलकरणींच्या उतरलेल्या तोंडांवर चिडतात. मिस गेट्स ही शिक्षिका हिटलरने ज्यूंचा केलेला छळ वर्गात कळवळून सांगते. हीच बाई खटल्यानंतर काळ्यांना धडा मिळाला म्हणून समाधान मानते. मी स्वतः शिक्षकी पेशातला. गावाबाहेरच्या अन्यायावर बोलणे किती सोपे असते, हे मला त्या पानांनी जितके जाणवून दिले तितके कोर्टाच्या प्रसंगानेही दिले नाही.

आता या कादंबरीवरचा माझा आक्षेप. टॉमला कीव करण्याचा अधिकार देणारी लेखिका त्याला घर देत नाही. तो बोलतो ते कोर्टात, विचारले म्हणून. तुरुंगातून पळताना त्याला सतरा गोळ्या लागतात. ते कळताच त्याची बायको हेलन कोसळते. पण हे आपल्याला डिल नावाच्या एका गोऱ्या मुलाच्या तोंडून कळते. निकालानंतर सज्जातले काळे लोक ॲटिकससाठी आदराने उभे राहतात. टॉमसाठी त्यांच्या मनात काय चालले आहे, ते मात्र बंदच राहते.

सारी कथा ॲटिकसच्या लहानग्या मुलीने, स्काउटने सांगितली आहे, तेव्हा तिला दिसेल तेवढेच येणार, असा बचाव करता येईल. पण हीच मुलगी एकदा घरची काळी स्वयंपाकीण कॅल्पुर्निया हिच्याबरोबर तिच्या चर्चमध्ये जाते आणि तिथे किती पाहते! आपली कॅल्पुर्निया आपल्या माणसांत वेगळी भाषा बोलते, हे तिला तिथेच प्रथम कळते. मग तिच्या घरी जाण्याची इच्छा ती धरते आणि आत्या ती मोडून काढते.

त्या उंबरठ्यापाशी कादंबरीही थांबली. तिथवर ती फार थोर आहे. पुढचे घर मात्र तिच्यात अंधारातच राहिले.