वैनगंगेचे पाणी आणि जलविज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यास

जलविज्ञानाच्या पदव्युत्तर अध्ययनात धरणाचा प्रश्न बहुधा एकाच रीतीने मांडला जातो. पाणलोटावर पडणारा पाऊस घ्यावयाचा, त्यातून बाष्पीभवन व जमिनीत मुरणारे पाणी वजा करावयाचे, आणि उरलेल्या अपवाहावरून जलाशयाची साठवण व सांडव्याची क्षमता ठरवावयाची. ही रीत चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती मनुष्याला पाणलोटाच्या बाहेर उभे करते. आणि भंडारा जिल्ह्यात पवनीनजीक वैनगंगेवर बांधलेल्या गोसीखुर्द धरणापाशी हा दोष लपून राहत नाही.

या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. सिंचनाचे उद्दिष्ट २,५०,८०० हेक्टरांचे. सुमारे ३७२ कोटी रुपयांचा मूळ अंदाज पुढे अठरा हजार कोटींपलीकडे गेला; २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. या विलंबाची मीमांसा अर्थशास्त्र व प्रशासनशास्त्र यांनी करावी. मात्र एवढ्या दीर्घ काळात पाणलोटही पूर्वीचा राहत नाही, हे जलविज्ञानाने विसरू नये.

कन्हान नदीचेच उदाहरण घेऊ. पेंच ही कन्हानची उपनदी, आणि कन्हान धरणाच्या वरच्या अंगास आंभोऱ्याजवळ वैनगंगेस मिळते. पेंचचे पाणी तोतलाडोह येथे अडवून त्याचा मोठा वाटा नागपूर शहराला दिला जातो. त्याच्याही वर, छिंदवाडा जिल्ह्यात, चौराई धरण झाले आहे. जे पाणी नदीवाटे गोसीखुर्दला पोचावयाचे, त्यातील बरेचसे आता शहरातून सांडपाणी होऊन नाग नदीत उतरते, तेथून कन्हानमध्ये आणि शेवटी जलाशयात येते. जलाशयावर पसरणारी जलपर्णी ही याचीच खूण होय. बरे, सांडपाणी शुद्ध केले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. शुद्ध केलेल्या पाण्याचा काही भाग कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला जातो, आणि शीतनात वाफ होऊन गेलेले पाणी नदीला परत मिळत नाही. येथे पाण्याची गुणवत्ता सुधारताना त्याचे परिमाण घटते. असे असता जलविज्ञानाने परिमाणाचा विचार करावा आणि गुणवत्ता पर्यावरण अभियांत्रिकीवर सोपवावी, ही विभागणी केवळ वेळापत्रकाच्या सोयीची आहे, नदीच्या स्वभावातली नव्हे.

पुराचीही तीच गोष्ट. शेरमनने १९३२ मध्ये मांडलेला एकक जलालेख सर्व क्षेत्रावर सारखा पाऊस गृहीत धरतो, आणि म्हणूनच तो लहान पाणलोटांपुरता वापरावा असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. पण ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भंडारा शहरात पाणी शिरले, गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि खाली ब्रह्मपुरी तालुक्यातील व गडचिरोली जिल्ह्यातील गावे बुडाली, तेव्हा मध्य प्रदेशातील अतिवृष्टीइतकेच तेथील संजय सरोवरातून सोडलेल्या विसर्गालाही महत्त्व होते. त्या पुराचा आलेख काही अंशी आभाळाने काढला आणि काही अंशी दरवाज्यांनी. दोन राज्यांमध्ये विसर्गाची वार्ता किती तास आधी पोचते, ही बाब अशा पाणलोटात पर्जन्यमापकाच्या नोंदीइतकीच जलवैज्ञानिक ठरते.

मालगुजारी तलावांचा तर अभ्यासक्रमात उल्लेखही क्वचितच आढळतो. कोहळी समाजाने धानशेतीसाठी बांधलेले हे हजारो तलाव वैनगंगेच्या खोऱ्यात पसरलेले आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे आले, गावाची देखभाल सुटली आणि अनेकांत गाळ साचला. मृगाचा पहिला पाऊस अडवणारी ही साठवण कमी झाली म्हणजे नदीकडे धावणाऱ्या अपवाहाचा काळ आणि वेग दोन्ही बदलणार.

हे सारे व्यवस्थापनाचे विषय आहेत, शुद्ध जलविज्ञानाचे नव्हेत, असा आक्षेप येईल. तो आम्हांस मान्य नाही. ज्या प्रवाहमालेवर विद्यार्थी संख्याशास्त्र चालवतो, तीच वरच्या दरवाज्यांनी, नळांनी आणि गाळलेल्या तलावांनी घडवलेली असेल, तर तिला नैसर्गिक मानणे हे गणिताचेच प्रमाद होय. गोसीखुर्दवर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्याने प्रथम गोदावरी जलतंटा लवादाचा १९८० चा निवाडा वाचावा, आणि मग एक संपूर्ण जलवर्ष आंभोऱ्याच्या वर कन्हानचा विसर्ग व तिच्यातील विद्राव्य प्राणवायू एकाच दिवशी, एकाच ठिकाणी मोजावा.