जॉन्सनचा क्रमनियम आणि पोलादी सांगाड्यांचा कारखाना

एस. एम. जॉन्सन यांचा दोन व तीन टप्प्यांच्या उत्पादनक्रमावरील निबंध १९५४ साली प्रसिद्ध झाला. कामांचा क्रम लावण्याच्या प्रश्नाला त्याने गणिती पाया दिला, हे निर्विवाद आहे. प्रत्येक काम आधी पहिल्या व मग दुसऱ्या यंत्रावर जाते. सर्व वेळांत लहानात लहान वेळ पहिल्या यंत्रावरची असेल तर ते काम आरंभी घ्यावे, दुसऱ्यावरची असेल तर शेवटी टाकावे आणि उरलेल्यांविषयी हेच पुन्हा करावे, इतकाच हा नियम. त्याची सिद्धताही तितकीच नेटकी आहे. मात्र पोलादी सांगाड्यांच्या कारखान्यास तो जसाच्या तसा लावू पाहणे घाईचे ठरते.

समजा, कटिंग व वेल्डिंग या दोन टप्प्यांतून तीन कामे जावयाची आहेत: क्रेनची तुळई २ व ६ तास, छपराची कैची ५ व ४ तास, खांब ४ व १ तास. नियमाने तुळई, कैची, खांब असा क्रम येतो व सारे काम १३ तासांत उरकते. उलट क्रमाने त्यालाच १९ तास लागतात. कारखान्याच्या भिंतींच्या आत हा लाभ खरा आहे. परंतु उभारणीच्या जागी खांब रोवल्यावाचून ना तुळई चढते, ना कैची. खांब, तुळई, कैची या क्रमाने १६ तास लागतात. पण खांब पाचव्या तासाअखेर रवाना होतो. नियमाने तो तेराव्या तासापर्यंत अडकून पडला असता. तोवर तेथे क्रेन व माणसे खोळंबतात, त्याचा हिशेब या सूत्रात कोठेच नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. कामे परस्परांपासून अलग असणे या सूत्राला अभिप्रेत आहे. प्रत्यक्षात पत्रा वाया जाऊ नये म्हणून तुळईची पट्टी व कैचीचे गसेट एकाच प्लेटमधून कापले जातात. मग तो तास कोणाच्या नावे मांडावयाचा? शिवाय दोन टप्प्यांमधील साठवणीला जॉन्सन मर्यादा घालीत नाहीत. एक गसेट राहिले की सारी कैची जुळणीच्या जागेवर तशीच पडून राहते आणि मागचे काम अडवते. (टनावारी काम मोजण्याची रूढ पद्धत याहून सदोष: एक टन जिन्याचे कठडे आणि एक टन खांब यांत वेल्डरचे तास सारखे कधीच नसतात.)

जॉन्सन यांच्यावर याचा दोष येत नाही. तीन टप्प्यांसाठी त्यांनी नियम दिला तो विशिष्ट अटींपुरताच. तीन यंत्रांचा सर्वसाधारण प्रश्न किती दुर्घट आहे, हे गॅरी, जॉन्सन (हे निराळे) व सेठी यांनी १९७६ मध्ये दाखविले. आणि या कारखान्यात जुळणी व रंगकाम धरता टप्पे चारच्या खाली येत नाहीत.