मूळ रूप म्हणजे कोणते? जुन्या वाहनांच्या नियमाची एक चिकित्सा

जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरले की तिथे दोन पक्ष हमखास भेटतात. एक म्हणतो, गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच राहिली पाहिजे, नटबोल्टसुद्धा त्याच मापाचा आणि त्याच घडणीचा हवा. दुसरा म्हणतो, गाडी चालवण्यासाठी असते. नवे इंजिन, नवे ब्रेक, रुंद टायर बसवून ती आजच्या रस्त्यावर धावली तर बिघडले कुठे? हा श्रीमंतांच्या हौसेचा वाद आहे असे समजून आपण शिक्षक तिकडे दुर्लक्ष करतो. आम्हांला मात्र हा वाद विज्ञानाच्या वर्गात आणण्याजोगा वाटतो. जुने यंत्र हा एक पुरावा असतो. पुराव्यात फेरफार केव्हा करावा आणि केव्हा करू नये, हा प्रश्न विज्ञान शिकवणाऱ्याचा आहेच.

शिवाय सरकारने या वादात आता एक बाजू घेतली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि ‘व्हिंटेज’ वाहन म्हणजे काय ते प्रथमच ठरले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी किंवा चारचाकी. मात्र ती मूळ स्वरूपात असली पाहिजे, आणि तिच्या चासीत, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. अशा गाडीला वेगळ्या मालिकेतला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला बंदी आहे.

या नियमाचे गुण आधी सांगायला हवेत. जुनी गाडी म्हणजे भंगार, हा समज त्याने अधिकृतपणे मोडला. मूळ स्वरूपाची अट घातल्याने जुन्या चासीच्या नंबरावर नवीच गाडी उभी करण्याच्या उद्योगाला आळा बसतो. रोजच्या वापराची बंदीही योग्यच आहे, कारण जुन्या इंजिनाचा धूर आणि जुने ब्रेक रहदारीत नकोत. आमची तक्रार वेगळी आहे. सारा नियम ज्या शब्दावर उभा आहे तो ‘मूळ’ हा शब्दच पुरेसा तपासलेला नाही. तो तपासायचा तर गाडी प्रदर्शनाच्या हिरवळीवरून काढून घाटात न्यावी लागेल.

घाटाची परीक्षा

भोरहून महाडला जाणारा रस्ता नीरा देवघर धरणाच्या जलाशयाच्या कडेने हिर्डोशीवरून पुढे जातो आणि वरंध घाटातून कोकणात उतरतो. पाऊस धो धो, वळणे अवघड. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट वाहतुकीला बंद करण्याची वेळ वारंवार येते. अशा मुलखात जुने वाहन म्हटले की डोळ्यांपुढे येते ती जीप. दुसऱ्या महायुद्धासाठी विलीज आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या अनेक लष्करी लिलावांतून नागरी वापरात आल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे हीच जात खेड्यापाड्यांत दुधाचे कॅन, बाजाराची गाठोडी, आजारी माणसे आणि लग्नाची वऱ्हाडे वाहू लागली.

या जीपचे मूळ इंजिन पेट्रोलचे, चार सिलिंडरांचे, सुमारे २,२०० घनसेंटिमीटरचे. पेट्रोल महाग झाले तसे अनेकांनी ते काढून डिझेल इंजिन बसवले. इंजिन बदलल्याने फक्त इंधन बदलले असे वरवर वाटते. प्रत्यक्षात काय काय बदलले ते पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट काच पुसणाऱ्या वायपरची. जुन्या विलीज जीपच्या अनेक आवृत्त्यांत वायपर विजेवर चालत नसे. पेट्रोल इंजिन हवा आत ओढते तेव्हा थ्रॉटलच्या झडपेमागे हवेचा दाब कमी होतो. एक नळी तिथून आणून त्या निर्वातावर वायपर हलवत असत. चढावर चालक अॅक्सिलरेटर पूर्ण दाबतो, झडप उघडते, निर्वात नाहीसा होतो आणि वायपर मंदावतो. म्हणजे घाट चढताना, ऐन पावसात, वायपर नेमका दगा देणार! काही गाड्यांत यावर उपाय म्हणून पेट्रोलच्या पंपालाच एक निर्वात पंप जोडलेला असे. डिझेल इंजिनात अशी झडप नसते, म्हणून हा निर्वातही नसतो. तेव्हा इंजिन बदलणाऱ्या मिस्त्रीला वायपरही बदलावा लागला. एका बदलाने दुसरा बदल मागून घेतला.

दुसरी गोष्ट उताराची. गाडी गिअरमध्ये ठेवून उतरवली की पेट्रोल इंजिनाचे दट्टे बंद झडपेमागच्या निर्वाताविरुद्ध ओढले जातात आणि गाडीला आपोआप लगाम बसतो. सारख्या क्षमतेच्या साध्या डिझेल इंजिनात हा लगाम साधारणतः कमी असतो. त्यात डिझेल इंजिन वजनाने जड. म्हणजे गाडी जड झाली, लगाम सैल झाला आणि ब्रेक मात्र जुनेच राहिले.

याचा हिशेब नववीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. समजा, माणसांसह जीपचे वस्तुमान १,५०० किलोग्रॅम आहे आणि घाटात ती ५०० मीटर खाली उतरते. तिची स्थितिज ऊर्जा १,५०० × ९.८ × ५००, म्हणजे सुमारे ७३ लाख ज्यूल कमी होते. यातली निम्मी टायरांचे घर्षण, हवेचा विरोध आणि इंजिन यांनी घेतली असे मानू. उरलेली सुमारे ३७ लाख ज्यूल ब्रेकच्या चार बिडाच्या ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. चारही ड्रमचे मिळून वस्तुमान २० किलोग्रॅम आणि बिडाची विशिष्ट उष्णता ४६० धरली, तर तापमान एक अंशाने वाढवायला ९,२०० ज्यूल लागतात. उष्णता बाहेर गेलीच नाही तर ड्रम सुमारे ४०० अंशांनी तापतील! वारा पुष्कळशी उष्णता नेतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमी भरेल. पण धोका कुठे आहे ते कळते. तापलेला ड्रम प्रसरण पावून आतल्या लायनरपासून दूर जातो, म्हणून पेडल खोल जाते. लायनरची पकडही घटते. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक इंजिनाचा वाटाही ब्रेकवरच टाकत असतो.

आता ही जीप माणसे वाहणार असेल तर तिचे ब्रेक सुधारलेच पाहिजेत. इथे मूळपणाचा आग्रह धरणे हा अपराध ठरेल. पण ‘सुधारणा’ या नावाखाली जे काही चालते ते सगळेच सुधारणा नसते. हौसेने बसवलेले मोठे टायर पाहा. चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटरवरून ४० वर नेली, तर तेवढ्याच ब्रेकने रस्त्यावर मिळणारे रोधक बल ३५/४० पट, म्हणजे साडेबारा टक्क्यांनी कमी होते. वेगदर्शक ताशी ४० किलोमीटर दाखवत असताना गाडी जवळजवळ ४६ ने धावत असते. गाडी दणकट दिसते आणि थांबायला दुबळी होते. बदल करणाऱ्या पक्षाचे दुखणे हेच आहे. यंत्र ही एकमेकांत गुंतलेली व्यवस्था असते, हे विसरून ते एकेक भाग सुटा विकत घेतात.

न बदलता राखणे शक्य आहे का?

जपणाऱ्या पक्षाचीही एक अडचण आहे आणि ती तो सहसा बोलून दाखवत नाही. गाडी बदलली नाही तरी तिच्या भोवतालचे जग बदलते. जुन्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळलेले असे. त्याचा पातळ थर एक्झॉस्ट झडपेच्या बैठकीवर बसे आणि तिची झीज रोखी. शिसे मुलांच्या मेंदूला घातक, म्हणून २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, हे उत्तमच झाले. पण जुन्या इंजिनाला जास्त ताण द्यायचा तर आता कठीण धातूच्या बैठका बसवाव्या लागतात. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. ते जुन्या रबरी नळ्या आणि पॅकिंगे खराब करू शकते, हवेतली आर्द्रताही शोषून घेते. म्हणून नळ्या बदलणे आले. थोडक्यात, गाडी चालती ठेवायची तर काहीतरी बदलावे लागते. काहीच बदलायचे नाही तर ती उभी ठेवावी लागते, आणि उभ्या गाडीत रबर चिरते, टाकीत पेट्रोल चिकट होते, सिलिंडर गंजतो. पूर्ण मूळपणा फक्त कागदावरच टिकतो.

प्रदर्शनासाठी गाडी चकचकीत करण्याची जी चढाओढ असते तिच्याबद्दलही बोलले पाहिजे. जुन्या दगडी देवळाला जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट फासतात, तेव्हा आपण हळहळतो. छिन्नीच्या खुणा त्याखाली बुजतात. जीपचा जुना रंग खरवडून, पोचे काढून, वर हिरवा रंग आणि पांढरा तारा रंगवणे हाही तोच प्रकार आहे. ती गाडी युद्धातून आली असेलच असे नाही. आलेली असली तरी त्यानंतरची तिची पन्नास वर्षे कदाचित दूध वाहण्यात गेली. ती वर्षे खोटी होती काय?

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. या टॅक्सी कारखान्यातून टॅक्सी म्हणून घडलेल्या नव्हत्या. टपावरचा कॅरिअर, मीटर, दोन रंग हे सारे नंतरचे. न्यायालयाच्या आदेशांनंतर सीएनजीची टाकीही आली. तिला ‘मूळ स्वरूप’ द्यायचे म्हणजे हे सगळे उतरवायचे. मग हाती एक नीटनेटकी खासगी मोटार उरेल आणि मुंबईची टॅक्सी नाहीशी होईल.

नियमातली फट

आमच्या मते नियमाचा दोष इथे आहे. तो एकच प्रश्न विचारतो: बदल झाला की नाही? त्याने विचारायला हवे होते: कोणता बदल, कधी, कशासाठी, आणि तो उलटवता येईल का? समजा, १९५८ सालच्या जीपमध्ये १९७४ साली डिझेल इंजिन बसवले. नियमाच्या दृष्टीने ही गाडी बाद. पण त्या बदलालाच आज ५० वर्षे होऊन गेली आहेत! ५० वर्षांनी गाडी वारसा ठरत असेल, तर तितकाच जुना बदल वारसा का ठरू नये? इंधन महागले तेव्हा खेड्यातल्या माणसाने काय केले, मिस्त्रीने जाडजूड पट्ट्या वेल्ड करून परके इंजिन या चासीवर कसे बसवले, याचा आराखडा कुठेही काढून ठेवलेला नाही. तो त्या वेल्डिंगच्या टाक्यांतच आहे. मान्यता न मिळाल्याने ती जीप भंगारात गेली, किंवा मान्यतेसाठी तिचा हा भाग कापून टाकला, तर त्या कारागिरीचा एकमेव दस्तऐवज आपण नष्ट केलेला असेल.

जगात या प्रश्नाचा याहून बारीक विचार झालेला आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ साली ट्यूरिन सनद प्रसिद्ध केली. इमारतींच्या जतनासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेची विचारसरणी तिने वाहनांना लावली. वाहनाच्या वापराच्या काळातल्या खुणा हा त्याच्या इतिहासाचा भाग मानावा. नवा बदल अटळच असेल तर तो उलटवता येण्याजोगा असावा. काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपून ठेवावेत. आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद असावी, असा तिचा आशय आहे. आपल्या नियमात यांपैकी निदान नोंदीची सक्ती आणि जुन्या बदलांना स्थान या दोन गोष्टी घालणे अवघड नव्हते. लबाडीची भीती असेल तर बदलाचा पुरावा मागावा; आरसी बुकातली नोंद, जुनी छायाचित्रे, इंजिनाचा क्रमांक हे पुरावे तपासता येतात.

‘बदलावे की जपावे’ याला एकच उत्तर नाही, पण उत्तर शोधण्याची रीत आहे. आधी गाडीचे काम ठरवावे. ती माणसे वाहणार असेल तर सुरक्षितता प्रथम, आणि ब्रेक, चाके, वजन यांचा हिशेब एकत्र मांडावा. ती पुरावा म्हणून राहणार असेल तर हात कमीत कमी लावावा. एकाच गाडीकडून दोन्ही कामांची अपेक्षा करू नये. आणि काहीही केले तरी ते लिहून ठेवावे. प्रयोगवहीचा हा पहिला धडा आपण मुलांना देतोच.

नियमात ‘तांत्रिक संशोधन’ हे कारण मान्य आहे, याकडे शाळांनी लक्ष द्यावे. पण त्यासाठी मान्यताप्राप्त गाडीच हवी असेही नाही. गावातल्या परसात, गोठ्याशेजारी एखादी जुनी जीप, ट्रॅक्टर किंवा स्कूटर उभी असते. मालकाच्या परवानगीने मुलांनी तिची पाहणी करावी. कोणता भाग कारखान्याचा, कोणता नंतरचा, तो का बदलला, कोणी बदलला, त्यामुळे पुढे आणखी काय बदलावे लागले, हे तक्त्यात भरावे. चाकाची त्रिज्या मोजावी, ड्रमचा व्यास मोजावा, वर दिलेला घाटाचा हिशेब आपल्या जवळच्या उतारासाठी करावा. जुना मिस्त्री भेटला तर त्याला वर्गात बोलवावे. गाडी पुढे जपली जाईल किंवा भंगारात जाईल, ते आपल्या हातात नाही. तिची नोंद मात्र आपल्या हातात आहे, आणि मिस्त्री हयात असेपर्यंतच ती नीट होऊ शकते.