देवगिरीचा पाडाव आणि संस्कृतीचा उच्छेद

युद्धें संस्कृतींचा समूळ उच्छेद करितात, हें विधान इतिहासग्रंथांत वारंवार आढळतें. आणि महाराष्ट्रापुरतें त्याचें उदाहरण म्हणून देवगिरीचा पाडाव पुढें केला जातो. छत्रपति संभाजीनगराहून सुमारें 15 किलोमीटरांवर उभा असलेला हा दुर्ग आमच्या नित्य परिचयाचा आहे. तेव्हां सदरहू विधानांत तथ्य किती, याची परीक्षा येथूनच करणें आम्हांस उचित वाटतें.

या मताचा मुख्य आधार फिरिश्त्याची तवारीख होय. 1296 सालच्या स्वारींत अल्लाउद्दिनास 600 मण सोनें, 7 मण मोतीं व 1000 मण रुपें मिळालें, असें तो लिहितो. परंतु फिरिश्ता या घटनेनंतर तीनशें वर्षांनीं लिहीत होता. आणि त्याचे आंकडे खरे मानले तरी त्यांवरून खजिन्याची हानि सिद्ध होते, संस्कृतीची नव्हे. रामदेवराव त्यानंतरही गादीवर होता. 1307 सालीं मलिक काफुराच्या स्वारीनंतर त्यास दिल्लीस नेलें, तरी तो 'रायरायान' हा किताब घेऊन परत आला. त्याचा पुत्र शंकरदेव 1313 त मारला गेला. खरा घाव 1318 चा. त्या सालीं हरपालदेवाचा वध होऊन राज्य खालसा झालें. त्याच सालच्या जामा मशिदींतील देवळांचे खांब आजही पाहावयास मिळतात. तेथें हल्लीं भारतमाता मंदिर आहे.

मग या घावानें नेमकें काय गेलें? चाळीसगांवानजीक पाटण येथें 1207 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिला व त्यास दानें मिळालीं, असें त्यावरून कळतें. शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' सिंघणाच्या आश्रयानें झाला. 'चतुर्वर्गचिंतामणि' रचणारा हेमाद्रि तर राज्याचा श्रीकरणाधिपच होता. या सर्व विद्या राजाश्रयावर पोसल्या होत्या. तो आश्रय तुटतांच देवगिरीच्या अंगणांतून त्या उठल्या. ग्रंथ मात्र मेले नाहींत. 'संगीतरत्नाकरा'वरील कल्लिनाथाची टीका पंधराव्या शतकांत विजयनगरास झाली. ग्रंथ वांचला, परंतु तो शिकविणारी गादी स्थलांतरित झाली, हा भेद आमच्या ग्रंथकारांच्या दृष्टीस पडत नाहीं.

आतां दुसरी बाजू. 1290 त पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीस कोषागाराचें बळ नव्हतें. तिला श्रोत्यांचें बळ होतें. नामदेव तर राज्य बुडाल्यावरही कित्येक वर्षें कीर्तन करीत होते. महानुभावांची परंपरा सांगते कीं, स्वारीच्या धामधुमींत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली व हिराइसेच्या स्मरणांतून ती पुन्हां सिद्ध केली गेली. जें अनेकांच्या मुखीं होतें, त्यास तरवारीची धार लागली नाहीं.

परंतु एवढ्यावरून 'काहींच गेलें नाहीं' असें म्हणणारे दुसऱ्या टोकास जातात. ओवी आणि अभंग टिकले म्हणून सिद्धान्तज्योतिषाचा मठ टिकला असें होत नाहीं. तसेंच नगर आणि राज्य यांचें भवितव्यही एक नसतें. 1565 च्या लढाईनंतर विजयनगर ओस पडलें, परंतु राजवंश पेनुकोंडा व चंद्रगिरि येथें पुढें चालला. उलट देवगिरीस राजवंश संपला, आणि नगर मात्र 1327 त तुघलकाची राजधानी झालें. दोन्ही ठिकाणीं 'उच्छेद' हा एकच शब्द वापरणें म्हणजे विचाराचा कंटाळा करणें होय.

तात्पर्य, युद्ध संस्कृति सरसकट नष्ट करीत नाहीं. ती ज्या अंगानें एकाच आश्रयावर विसंबून असते, तें अंग तें छाटतें. म्हणून इतिहासकारानें लुटीचे मण मोजण्यापूर्वी कोणती विद्या कोणाच्या अन्नावर जगत होती, हें तपासावें. हा विचार केवळ भूतकाळापुरता नाहीं. आमच्या मराठवाड्यांतील घराघरांत ज्या पोथ्या व दप्तरें एकेकटींच पडलीं आहेत, त्यांस नष्ट होण्यास युद्धाची गरज नाहीं. वाळवी पुरेशी आहे. त्यांच्या प्रती होऊन त्या चार ठिकाणीं ठेवल्या जाव्या, हीच आमची इतिहासप्रेमी वाचकांस विनंति आहे.